मोफत कोर्स सगळ्यांना खुले झाले, मग अर्ध्यावर सुटतात ते का?

पायवाट

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला विषय मांडते आहे. जरा लांबेल, पण वाचून मोकळेपणाने लिहा.

मी प्रौढांना गणित शिकवते. कोणाचं शिक्षण मधेच सुटलेलं असतं, कोणाला नोकरीत पुढे सरकायचं असतं, कोणाला मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून स्वतः शिकायचं असतं. यांतल्या बहुतेकांनी आमच्याकडे येण्याआधी एखाद्या मोफत ऑनलाइन कोर्सला नाव घातलेलं असतं आणि तो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुटलेला असतो. ते सांगताना आवाज खाली येतो. "फुकट मिळत होतं तरी मला जमलं नाही," हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं आणि रागही येतो. राग त्यांच्यावर नाही. फी काढून टाकली की शिक्षण पोचलं, असं ज्यांनी जगाला सांगितलं त्यांच्यावर.

सुरुवात फार चांगली झाली होती. २००१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने जाहीर केलं की आपल्या जवळजवळ सगळ्या अभ्यासक्रमांचं साहित्य आम्ही इंटरनेटवर ठेवू: टिपणं, स्वाध्याय, जुन्या परीक्षांचे पेपर. नोंदणी नाही, फी नाही, प्रमाणपत्रही नाही. २००२ मध्ये युनेस्कोच्या बैठकीत अशा साहित्याला 'मुक्त शैक्षणिक संसाधनं' हे नाव मिळालं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने आले. म्हणजे एखाद्याने लिहिलेला धडा दुसऱ्याने घ्यावा, बदलावा आणि पुन्हा वाटावा, याला कायद्याचा आधार मिळाला.

मग २०११ उजाडलं. सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातला कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स सगळ्यांसाठी खुला केला आणि सुमारे १,६०,००० लोकांनी नाव नोंदवलं. पुढच्याच वर्षी उडॅसिटी, कोर्सेरा आणि एडएक्स ही असे कोर्स चालवणारी संकेतस्थळं उभी राहिली. एडएक्सचा पहिला कोर्स विद्युतमंडलांचा, म्हणजे सर्किट्सचा होता. नोंदणी १,५४,७६३ जणांची, उत्तीर्ण ७,१५७. बातम्यांत दोन्ही आकडे आले, पण नाचवला गेला तो पहिला.

आता २०१९ चा आकडा बघा. हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्सवरच्या कोर्सेसचा सहा वर्षांचा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला. नोंदणी केलेल्यांपैकी ५२% लोकांनी कोर्सचं पान एकदाही उघडलं नव्हतं. २०१७-१८ मध्ये सगळ्या सहभागींपैकी कोर्स पुरा करणारे ३.१३%. पैसे भरून, ओळख पडताळून मिळणारं प्रमाणपत्र घ्यायला निघालेल्यांत मात्र हेच प्रमाण ४६% होतं. आणि शिकणाऱ्यांची वाढ मुख्यतः श्रीमंत देशांतच होत राहिली. मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे शेवटचं.

ज्याच्याकडे आधीपासून पदवी आहे, निवांत वेळ आहे, अडलं तर विचारायला कोणी आहे, त्याच्यासाठी हे कोर्स म्हणजे पर्वणी. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याची फी माफ झाली, बाकीच्या अडचणी होत्या तिथेच आहेत. या बाकीच्या अडचणींचं काय करायचं? तुमचे अनुभव सांगा.

---

तिसरा_बाक

विषय महत्त्वाचा आहे, पण पुरा करणाऱ्यांच्या टक्केवारीवर एवढा भर मला पटत नाही.

मला कामासाठी बेजचं प्रमेय नीट समजून घ्यायचं होतं. संख्याशास्त्राच्या एका लांबलचक कोर्सला नाव घातलं, प्रमेयाचे व्हिडिओ पाहिले, उदाहरणं सोडवली आणि बाहेर पडलो. माझं काम झालं. कोर्सच्या हिशोबात मी गळालेला विद्यार्थी आहे. ग्रंथालयातून नेलेलं पुस्तक किती जणांनी शेवटच्या पानापर्यंत वाचलं हे कोणी मोजत नाही, आणि त्यावरून ग्रंथालय फसलं असंही कोणी म्हणत नाही.

विद्यापीठात नाव घालायला खर्च आणि कष्ट दोन्ही लागतात, म्हणून तिथे गळती हे अपयश. इथे नाव घालायला एक क्लिक पुरते. दोन्हींना एकच मोजपट्टी लावली तर निष्कर्ष चुकणारच.

आणि ७,१५७ हा आकडा तुम्ही जरा खेदाने लिहिलात असं वाटलं. विद्युतमंडलांसारखा अवघड विषय, एमआयटीच्याच पातळीचे प्रश्न, आणि सात हजारांवर लोक उत्तीर्ण. एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखालून उभ्या कारकिर्दीत इतके विद्यार्थी क्वचितच जात असतील. त्यांत मंगोलियातला एक पंधरा वर्षांचा मुलगा होता, त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले. अशी मुलं जगभर आहेत. त्यांच्यापर्यंत याआधी काय पोचत होतं?

---

पायवाट

तिसरा_बाक, मोजपट्टीचा मुद्दा मान्य. हवं तेवढं घेऊन जाणाऱ्याला गळालेला म्हणू नये.

पण तुम्ही बेजच्या प्रमेयापर्यंत पोचलात ते आधीचं सगळं येत होतं म्हणून. काय हवं आणि कुठे थांबायचं हे तुम्हाला ठरवता आलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने कोर्सेरावरच्या आपल्या विद्यार्थ्यांची पाहणी केली तेव्हा ८३% जण आधीच पदवी किंवा पदविका घेतलेले निघाले. २०१२-१३ मध्ये आश्वासन मात्र कॉलेजची पायरी न चढलेल्यांना दिलं जात होतं.

त्याची एक परीक्षा झालीसुद्धा. २०१३ मध्ये सॅन होजे स्टेट विद्यापीठाने उडॅसिटीबरोबर पायाभूत गणित, बीजगणित आणि संख्याशास्त्र हे तीन कोर्स ऑनलाइन घेतले. नेहमीच्या वर्गांच्या तुलनेत निकाल बराच खाली आला आणि जुलैमध्ये प्रयोग थांबवावा लागला. उन्हाळ्याच्या खेपेला निकाल सुधारला, पण त्या वेळी बसलेल्यांत बरेच जण आधीच पदवीधर होते.

नेमकं कुठे अडतं ते सांगते. माझ्याकडे येणारे एक गृहस्थ ऑनलाइन सराव करत होते. ३ − २(क्ष − ४) याचं सोपं रूप द्या, असा प्रश्न. त्यांनी ३ − २क्ष − ८ लिहिलं. पडद्यावर लाल अक्षरांत आलं, 'उत्तर चूक, पुन्हा प्रयत्न करा'. त्यांनी पुन्हा तेच केलं, कारण त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. मग बेरीज तपासली, मग क्रम बदलून पाहिला. शेवटी 'उत्तर दाखवा' दाबलं. तिथे अधिक आठ दिसलं. ते का, हे कळेना. मी शेजारी बसून एवढंच विचारलं, "कंसातल्या उणे चारला उणे दोनाने गुणलं तर काय येतं?" ते थांबले, म्हणाले, "अधिक आठ. अरे, चिन्ह राहिलं." आणि पुढची सगळी गणितं बरोबर आली.

तो प्रश्न विचारायला मोठा विद्वान लागत नाही. शेजारी कोणीतरी असावं लागतं. ते नव्हतं तेव्हा त्यांनी बीजगणित आपल्या आवाक्याबाहेरचं आहे असं ठरवून टाकलं होतं.

---

रात्रपाळी

मी या कोर्सेसमुळे उभा राहिलो, म्हणून मुद्दाम लिहितोय.

मी रात्रपाळीत देखरेखीचं काम करायचो. कामावर नेट नसायचं. घरून व्हिडिओ उतरवून न्यायचो आणि मधल्या सुट्टीत बघायचो. डेटाबेसचा कोर्स असाच केला. नंतर आमच्याच कंपनीत नोंदींचं काम करणाऱ्या विभागात बदली मिळाली. प्रमाणपत्र कोणी मागितलं नाही. मी एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून हवी ती माहिती काढायची आज्ञा, लिहून दाखवली, तेवढ्यावर काम झालं.

पायवाटताई, तुम्ही म्हणता तसं शेजारी कोणी नव्हतं. पण दोन गोष्टी होत्या. व्हिडिओ उतरवून घेता येत होते आणि स्वाध्यायाला तारीख होती. तारीख असली की माणूस बसतो. नंतर 'तुमच्या सवडीने करा' या प्रकारचे कोर्स आले. माझ्यासारख्याला सवड कधीच नसते, त्यामुळे ते कोर्स कधीच झाले नाहीत.

दुःख वेगळंच आहे. एका संकेतस्थळावर माझे सोडवलेले स्वाध्याय होते आणि चर्चेत इतरांनी दिलेली फार सुंदर उत्तरं होती. एक दिवस तो कोर्स बंद झाला आणि सगळं गेलं. आगाऊ मेल आला असेल, नसेल, माझ्या पाहण्यात आला नाही. कोणा अनोळखी माणसाने माझ्या चुकीच्या क्वेरीवर ओळीओळीला समजावून लिहिलं होतं. ते मला पुन्हा वाचायचं होतं.

---

कोरी_पाटी

रात्रपाळी यांनी सांगितलेलं दुखणं एकट्यादुकट्याचं नाही. कोर्सेराने जून २०१६ च्या अखेरीस आपली जुनी यंत्रणा बंद केली तेव्हा कितीतरी कोर्स दिसेनासे झाले. २०१८ च्या शेवटी एडएक्सने जाहीर केलं की गुण मिळणारे स्वाध्याय आता पैसे भरणाऱ्यांनाच, आणि मोफत प्रवेशालाही मुदत. २०२१ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीने एडएक्स टूयू या कंपनीला ८० कोटी डॉलरना विकलं, आणि २०२४ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. त्याआधी जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराण, क्यूबा आणि सुदानमधल्या विद्यार्थ्यांना कोर्सेराचे कोर्स एका झटक्यात बंद झाले होते. अभ्यासात काही कमी पडलं म्हणून नव्हे, ते राहत होते त्या देशामुळे.

म्हणून मला वाटतं की 'पैसे पडतात का' यापेक्षा 'हे मला ठेवून घेता येईल का' हा प्रश्न आधी विचारावा.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सने २०१२ मध्ये पदार्थविज्ञानाचं पुस्तक काढलं तेव्हापासून ते वापरतो. त्यांच्या बऱ्याच पुस्तकांना असा परवाना आहे की मूळ लेखकाचं नाव दिलं की बाकी सगळं करायची मुभा. डेव्हिड वायली यांनी मुक्त साहित्याच्या पाच मुभा सांगितल्या आहेत: स्वतःजवळ ठेवणं, वापरणं, बदलणं, दुसऱ्या साहित्यात मिसळणं आणि वाटणं. बहुतेक मोफत कोर्स यातली फक्त दुसरी देतात, तीही मुदतीपुरती.

उरलेल्या मुभांनी काय होतं ते सांगतो. त्या पुस्तकातलं घर्षणाचं प्रकरण माझ्या मुलांना जड जायचं, कारण त्याआधी बलांची आकृती काढायचा सराव कमी पडत होता. मी ते प्रकरण तोडलं, मधे आकृत्यांचा धडा घातला, माझ्या मुलांना ओळखीची असलेली उदाहरणं टाकली, आणि बदललेली प्रत पुन्हा खुली ठेवली. पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजातल्या बाईंनी ती घेतली आणि माझ्या आकृत्यांतल्या दोन जागी बाणांच्या दिशा सुचवून पाठवल्या. मूळ लेखकांना आमची नावंही माहीत नाहीत. त्यांची परवानगी मागावी लागली नाही. हे काम बंदिस्त व्हिडिओ कोर्सवर करताच येत नाही. तिथे शिक्षकाने करायचं काय, तर दुवा पाठवायचा.

एमआयटीचं साहित्य व्यापारी वापर सोडून बदलायला आणि वाटायला खुलं आहे. एडएक्स ज्या प्रणालीवर चालतं तिचा कोडही २०१३ पासून खुला आहे. कंपनी विकली गेली तरी तो कोड घेऊन दुसरं कोणीही कोर्स चालवू शकतं, आणि जगात अनेक संस्था चालवतातही.

---

शांतता

मी जन्मापासून ऐकू शकत नाही. या सगळ्या चर्चेत आमचा उल्लेख सहसा शेवटी एका ओळीत येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

व्हिडिओच्या खाली आपोआप उमटणारी अक्षरं असतात ना, ती बघून लोकांना वाटतं प्रश्न सुटला. रेषीय बीजगणिताच्या एका व्याख्यानात प्राध्यापक 'आयगनव्हॅल्यू' म्हणत होते आणि खाली उमटत होतं 'आय कॅन व्हॅल्यू'. एकदा नाही, संपूर्ण व्याख्यानभर. ज्याला ऐकू येतं तो हसून पुढे जाईल. मला ती संज्ञा नवीन होती. वाक्याचा अर्थ लावायचा मी बराच वेळ प्रयत्न केला. फळ्याकडे बघावं तर खालची ओळ सुटते, ओळ वाचावी तर फळा पुसला जातो. आणि प्राध्यापक फळ्याकडे बोट दाखवून 'हे इथून तिकडे नेलं' म्हणतात तेव्हा अक्षरं बिनचूक असूनही उपयोग होत नाही.

अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१५ मध्ये याच कारणासाठी हार्वर्ड आणि एमआयटीवर दावा लावला. २०१९ मध्ये हार्वर्डने आणि २०२० मध्ये एमआयटीने तडजोड करून व्हिडिओंना नीट मथळे, म्हणजे बोललेलं खाली अक्षरांत, द्यायचं मान्य केलं. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मात्र वेगळं घडलं. सरकारच्या न्याय खात्याने तिथली मोफत व्याख्यानं अपंगांना वापरता येत नाहीत असा निष्कर्ष काढला, आणि २०१७ मध्ये विद्यापीठाने वीस हजारांहून अधिक ध्वनिचित्रफिती लोकांसाठी बंद करून टाकल्या.

त्यावर लोक म्हणाले की काही जणांच्या तक्रारीमुळे सगळ्यांचं नुकसान झालं. मला हे फार लागलं. आम्ही व्याख्यानं काढा असं म्हणालो नव्हतो, आम्हालाही ती हवी होती. वर्गाच्या इमारतीला उतार बांधताना कोणी म्हणत नाही की यापेक्षा इमारतच बंद करू. चांगले मथळे केले तर त्यांचा फायदा गोंगाटात बसणाऱ्याला होतो, परभाषेत शिकणाऱ्याला होतो, शब्द शोधून नेमक्या जागी जायचं असणाऱ्याला होतो. कोर्स तयार करतानाच तो खर्च धरला पाहिजे. नंतर वीस हजार फिती समोर ठेवून धरायला गेलं तर कोणीही हात वर करेल.

---

तिसरा_बाक

शांतता, 'आय कॅन व्हॅल्यू' वाचून थांबलो. माझ्या डोक्यात हा मुद्दा नव्हता. मनापासून आभार.

---

भाषांतरे

+१. त्याला जोडून भाषेबद्दल.

मी स्वयंसेवक म्हणून मथळ्यांचं भाषांतर करते. आता यंत्र पहिला खर्डा बरा करून देतं, त्यामुळे व्हिडिओचं भाषांतर पूर्वीइतकं कठीण राहिलेलं नाही. पण भाषांतर व्हिडिओपाशी थांबतं. विद्यार्थी आपल्या भाषेत व्याख्यान ऐकतो आणि स्वाध्याय इंग्रजीत येतो. त्यातला शब्दप्रश्न तीन-तीन ओळींचा, आणि शंका विचारायची तर चर्चाही इंग्रजीत. गणित येणारा मुलगा तिथे मागे पडतो. माझं मत विचाराल तर आधी स्वाध्याय आणि त्यांची सविस्तर उत्तरं भाषांतरित करा, व्हिडिओ नंतर.

---

मुलाखतकार

मी माणसं निवडायच्या कामात आहे. प्रमाणपत्रांबद्दल थोडं.

आमच्याकडे अर्जाला जोडून येणारी ऑनलाइन प्रमाणपत्रं मी वाचतो, पण त्यावरून निर्णय घेत नाही. याला कारण आहे. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ११५ कोर्सच्या नोंदी तपासल्या तेव्हा एक युक्ती सापडली होती: एकाच माणसाने दोन खाती काढायची, एका खात्यातून अंदाजाने उत्तरं देत बरोबर उत्तर काढून घ्यायचं आणि दुसऱ्या खात्यात ते भरायचं. ज्या ६९ कोर्समध्ये ही युक्ती वापरलेली आढळली त्यांतल्या प्रमाणपत्रांपैकी १.३% अशी मिळवलेली निघाली. प्रमाण थोडं आहे, पण बाहेरून बघणाऱ्याला ती १.३% कोणती हे कळायला मार्ग नाही. आता तर यंत्रच निबंध आणि कोड लिहून देतं.

म्हणून प्रत्यक्ष देखरेखीखालच्या परीक्षेला वजन येतं. भारतातल्या एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सेसच्या उपक्रमाची पद्धत मला त्यासाठी बरी वाटते: व्याख्यानं आणि आठवड्याचे स्वाध्याय मोफत, प्रमाणपत्र हवं असेल तर केंद्रावर जाऊन परीक्षा. नसेल हवं तर नुसतं शिका.

रात्रपाळी यांनी क्वेरी लिहून दाखवली, तेच मी उमेदवारांना सांगतो. कोर्समध्ये केलेलं एक काम घेऊन या आणि त्यात कुठे अडलात ते सांगा. ज्याने खरंच केलंय तो अडलेल्या जागेबद्दल भरभरून बोलतो.

---

नवा_विद्यार्थी

वाचनखूण साठवली. सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा वाचणार आहे.

माझा साधा प्रश्न. मला रेषीय बीजगणित शिकायचंय, कामात लागतं. याआधी दोनदा सुरू करून सोडलंय. कोणता कोर्स घ्यावा आणि कसा करावा?

---

कोरी_पाटी

एमआयटीच्या गिल्बर्ट स्ट्रँग यांची व्याख्यानं घ्या. १९९९ साली चित्रित झालेली आहेत, फळा आणि खडू, पण विषय इतका स्वच्छ उलगडलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. पहिल्याच तासाला ते समीकरणांच्या संचाकडे दोन प्रकारे बघायला लावतात. आडव्या ओळी बघितल्या तर रेषा कुठे छेदतात हा प्रश्न. उभे स्तंभ बघितले तर यातला प्रत्येक स्तंभ कितीपट घेऊन बेरीज केली म्हणजे उजवीकडचा स्तंभ मिळेल हा प्रश्न. आपण शाळेत पहिला प्रकारच शिकलेलो असतो. दुसरा एकदा दिसला की पुढचा सगळा विषय त्यावर उभा राहतो. स्वाध्याय आणि उत्तरं तिथेच मिळतात, सगळं उतरवून घेता येतं.

---

पायवाट

कोर्स उत्तमच. कसा करावा याबद्दल जे अभ्यासातून पुढे आलंय ते सांगते.

एडएक्सवरच्या व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असो, लोक सहसा सहा मिनिटांच्या आतच उठतात. हे २०१४ चं. त्यावरून सगळीकडे व्हिडिओचे तुकडे करायची लाट आली. पण लोक कुठे उठतात यावरून ते किती शिकले हे कळत नाही. २०१५ मध्ये केनेथ कोडिंगर आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्राच्या एका कोर्समध्ये पाहिलं की स्वतः प्रश्न सोडवण्याचा शिकण्याशी असलेला संबंध व्हिडिओ पाहण्याच्या सहापट होता. म्हणून तास लांब असला तरी घाबरू नका. पाहिलंत किती यापेक्षा सोडवलंत किती ते बघा. व्हिडिओ थांबवून पुढची पायरी स्वतः लिहा, मग पुढे जा.

वेळापत्रक करा असं सगळेच सांगतात. ते करावं, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. सुमारे अडीचशे कोर्स आणि अडीच लाख विद्यार्थ्यांवर झालेल्या २०२० च्या प्रयोगात सुरुवातीलाच 'कधी, कुठे अभ्यास कराल' हे लिहून घेतलं होतं. पहिल्या काही आठवड्यांत फरक पडला, नंतर विरला. पडद्यावरच्या एका सूचनेने आयुष्यातल्या अडचणी हलत नाहीत, हे मला त्यातून दिसतं.

माझ्या मते खरा उपाय माणसं जमवणं हाच. पीअर टू पीअर युनिव्हर्सिटीने शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयांत अभ्यासमंडळं सुरू केली. आठवड्यातून एकदा काही जण एकत्र बसून एकच मोफत कोर्स करतात. सोबत बसणारा विषयातला तज्ज्ञ असायची गरज नाही. कोणी आलं नाही तर विचारपूस करणं आणि अडलेल्याला दुसऱ्याशी जोडून देणं हे त्याचं काम. व्याख्यान जगातल्या उत्तम प्राध्यापकाचं, आणि शेजारी बसून विचारणारं माणूस आपलं. मला हे सगळ्यात आशादायक वाटतं, कारण यातला महागडा भाग आधीच मोफत झालेला आहे आणि उरलेला भाग आपल्याला करता येण्यासारखा आहे.

---

नवा_विद्यार्थी

मग आपणच का करू नये? आठवड्यातून एकदा, ऑनलाइन. मी जमवाजमव करतो.

---

रात्रपाळी

मी आहे. वार असा ठरवा की पाळीत काम करणाऱ्यांनाही जमेल, आणि त्या आठवड्याची गणितं कोणती ते आधी लिहून टाका. तारखेशिवाय माझा अभ्यास होत नाही.

---

तिसरा_बाक

मीही. एकदा तरी सलग शेवटपर्यंत करायचंच आहे.

---

शांतता

मला यायचंय, पण बोलून चर्चा होणार असेल तर मी बाहेर पडेन. लिहून होणार असेल तर सांगा. मथळे एकदा कोणी तपासून दिले तर आधी वाचून येईन.

---

भाषांतरे

मथळ्यांचं माझ्याकडे. पहिल्या दोन व्याख्यानांचे तपासून मगच गट सुरू करू. फळ्यावर बोट दाखवून जे बोललंय तिथे कंसात काय दाखवलं तेही लिहीन, म्हणजे 'हे इथून तिकडे' याचा अर्थ लागेल. स्वाध्यायातल्या शब्दप्रश्नांचं भाषांतरही सोबत करते.

---

पायवाट

चर्चा लिहूनच ठेवू. बोलायचं असेल त्यांनी बोलावं, पण बोललेलं प्रत्येक उत्तर लगेच लिहिलं गेलं पाहिजे. लिहिलेलं सगळं खुल्या परवान्याखाली आपल्याच ताब्यात ठेवू, एखादं संकेतस्थळ बंद पडलं तरी जाणार नाही अशा पद्धतीने. आठवड्याला एकच व्याख्यान, त्यामागे चार-पाच गणितं. ज्याचं एखादं गणित अडलं असेल त्याने आपला सोडवलेला कागद जसाच्या तसा टाकायचा, खाडाखोडीसकट. उत्तर देणाऱ्याने थेट उत्तर सांगायचं नाही, आधी एक प्रश्न विचारायचा.

नवा_विद्यार्थी, पहिल्या आठवड्याचं टिपण तुम्ही करा. स्तंभांची आकृती कोरी_पाटी यांच्याकडून मागून घ्या.

---

कोरी_पाटी

आकृती देतो. बाण मोठे काढतो, मोबाइलवरही दिसतील.